पिसा येथील ‘पवित्र शेत’ : भिंतीवरून उतरलेलीं आणि भिंतीवर परतलेलीं चित्रें

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आम्हीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आमच्याहून वडील व जाणत्या मंडळींनीं या व्यासपीठावरून सांगितलाच आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. त्याऐवजीं इटली देशांतील एका जुन्या कबरस्थानाची, तेथील भिंतींवरील चित्रांची, आणि तीं चित्रें भिंतीवरून उतरवून दालनांत ठेवणाऱ्या व पुढें पुन्हां भिंतीवर नेणाऱ्या माणसांची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे. “इतक्या लांबचा विषय कां?” असें कोणाच्या मनांत आल्यास त्यांनीं थोडा धीर धरावा. ज्यांच्या गांवीं जुनें देऊळ आहे, आणि ज्यांचे वाडवडील त्या देवळाच्या भिंतीजवळ विसावले आहेत, त्या सर्वांचा हा विषय आहे.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, आर्नो नदीच्या कांठीं, पिसा नांवाचें शहर आहे. तेथील कलता मनोरा आपणांपैकीं बहुतेकांनीं निदान चित्रांत तरी पाहिला असेल. तो मनोरा म्हणजे तेथील मुख्य ख्रिस्तमंदिराचें घंटाघर. त्याच हिरव्या पटांगणांत मुख्य मंदिर आहे, बाप्तिस्मागृह आहे, आणि उत्तरेच्या बाजूस पांढऱ्या संगमरवराची एक लांबच लांब, बाहेरून अगदीं साधी दिसणारी भिंत आहे. बहुतेक प्रवासी त्या भिंतीकडे पाठ करून मनोऱ्याचें छायाचित्र काढितात व निघून जातात. त्या भिंतीआड पिसाच्या लोकांचें जुनें कबरस्थान आहे. त्यास इटालियन भाषेंत ‘कांपोसांतो’, म्हणजे ‘पवित्र शेत’, असें म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप उबाल्दो लान्फ्रांकी यांनीं, प्रभु जेथें क्रुसावर मरण पावला त्या कालवारी टेकडीची माती गलबतांत भरून आणिली व ती या जागीं पसरली, अशी तेथील परंपरा आहे. पुढें १२७७ च्या सुमारास जोव्हान्नी दि सिमोने या स्थपतीच्या हातून इमारतीस प्रारंभ झाला. मध्यें उघडें अंगण, आणि चारी बाजूंस उंच कमानींच्या पडव्या, अशी तिची रचना आहे. मृतांनीं त्या मातींत निजावें, आणि जिवंतांनीं पडवींतून फिरतां फिरतां त्यांची आठवण करावी, असा त्या रचनेचा हेतु.

या पडव्यांच्या भिंती चौदाव्या व पंधराव्या शतकांत चित्रांनीं भरून गेल्या. प्रारंभीं फ्रांचेस्को त्राइनी यानें प्रभूचें क्रुसारोहण रंगविलें. नंतर १३३६ च्या सुमारास फ्लॉरेन्सचा बोनामिको बुफ्फाल्माक्को यानें ‘मृत्यूचा विजय’, ‘अंतिम न्याय’, ‘नरक’ आणि ‘अरण्यवासी तपस्वी’ हीं विशाल चित्रें हातीं घेतलीं. पुढें तद्देओ गाद्दी यानें ईयोबाची कथा, स्पिनेल्लो आरेतीनो यानें संत एफिझिओ याचें चरित्र, पिएरो दि पुच्चो यानें सृष्टीची उत्पत्ति, आणि शेवटीं बेनोत्सो गोत्सोली यानें १४६८ पासून १४८४ पर्यंत सोळा वर्षें खपून जुन्या करारांतील प्रसंग रंगविले. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांस त्या भिंतीच वाचावयास मिळत.

‘मृत्यूचा विजय’ या चित्रांत काय आहे, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. डाव्या बाजूस उंची वस्त्रें ल्यालेल्या स्त्रीपुरुषांची एक टोळी घोड्यांवर बसून शिकारीस निघाली आहे. वाटेंत अकस्मात् तीन उघड्या शवपेट्या आडव्या येतात. तिन्हींत प्रेतें आहेत, आणि तिन्हींची अवस्था निरनिराळी; शेवटच्या पेटींत केवळ हाडें उरलीं आहेत. एक स्वार नाक दाबून धरितो. घोडे बिचकून माना लांबवितात. जवळच एक वृद्ध तपस्वी हातांतील लेखाची गुंडाळी उलगडून उभा आहे. वर टेकडीवर त्याचे सोबती आपल्या नित्याच्या कामांत शांतपणें गढले आहेत. चित्राच्या मध्यभागीं लुळेपांगळे व भिकारी हात पसरून मृत्यूस बोलावीत आहेत. परंतु मृत्यु त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. तो येथें पंख असलेल्या म्हातारीच्या रूपानें आला आहे. हातीं मोठा विळा घेऊन ती उजवीकडील बागेवर झेंपावत आहे. त्या बागेंत झाडांखालीं तरुण मंडळी गातवाजवीत, गप्पा मारीत बसली आहे. त्यांस कांहींच ठाऊक नाहीं. खालीं प्रेतांची रास पडली आहे. तींत श्रीमंत आहेत, राज्यकर्ते आहेत, धर्माधिकारी आहेत. वर आकाशांत देवदूत आणि सैतान त्यांच्या आत्म्यांसाठीं ओढाताण करीत आहेत.

१३४८ च्या महामारीनें भयभीत होऊन कोणी तरी हें चित्र काढिलें असावें, असें पुष्कळ दिवस लोक समजत. चित्रकाराच्या नांवाविषयींही असाच घोटाळा होता. बुफ्फाल्माक्को हा बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ ग्रंथांत एक थट्टेखोर, खोड्या करणारा मनुष्य म्हणून येतो. त्याचा विनोद लोकांच्या स्मरणांत राहिला आणि त्याचें काम विस्मरणांत गेलें. सोळाव्या शतकांत वाझारीनें हें चित्र ओर्काञाच्या नांवावर घातलें. नंतरच्या कित्येक पंडितांनीं तें त्राइनीस दिलें. १९७४ सालीं लुचानो बेल्लोझी या अभ्यासकानें ग्रंथ लिहून तें बुफ्फाल्माक्कोचें, आणि म्हणून महामारीपूर्वींचें आहे, असें दाखविलें. तेंच मत आज बहुतेकांस मान्य आहे. म्हणजे लोक सुखांत असतांनाच त्यानें त्यांस हा इशारा दिला होता.

आतां अशीं चित्रें भिंतीवर कशीं धरून राहतात, तें पाहूं. आपल्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, चिकट द्रव्यांत कालविलेले रंग त्यावर लावीत. इटालियन रीति निराळी. तिला ‘फ्रेस्को’, म्हणजे ‘ताजें’ काम, म्हणतात. भिंतीवर प्रथम चुना व वाळू यांचा खरबरीत थर देतात. त्या थरावर चित्रकार तांबड्या मातीनें संबंध चित्राची रूपरेषा काढितो. ही माती पूर्वीं काळ्या समुद्रावरील सिनोपे बंदरांतून येई, म्हणून त्या रेखाटनास ‘सिनोपिया’ असें नांव पडलें. मग त्या दिवशीं जेवढें रंगवून होईल तेवढ्याच जागेवर बारीक चुन्याचा ओला लेप देतात, आणि तो ओला आहे तोंच चित्रकार पाण्यांत कालविलेले रंग त्यावर लावितो. चुना हवेंतील वायु शोषून घेतो, आणि सुकतां सुकतां पुन्हां दगड होतो. रंग त्या दगडांतच कोंडले जातात. म्हणून असें चित्र शतकानुशतकें टिकतें. परंतु रोजच्या लेपाखालीं तें तांबडें रेखाटन झांकलें जातें. एकदां झांकलें कीं, भिंत शाबूत आहे तोंवर तें पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडावयाचें नाहीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी.

सहाशें वर्षें तीं चित्रें ओल व वारा सोसून टिकलीं. १९४४ च्या उन्हाळ्यांत महायुद्ध आर्नो नदीच्या कांठीं येऊन ठेपलें. दक्षिण तीरावर अमेरिकन फौज, उत्तर तीरावर जर्मन फौज, आणि मध्यें पिसा शहर. त्या दिवसांत इटलींत आपल्या मराठी मुलखांतील जवानही लढत होते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं धारातीर्थीं पडले, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हां हें युद्ध आपणांस अगदींच परकें होतें, असें म्हणतां येणार नाहीं. त्यानंतर सतराव्या दिवशीं, २७ जुलै रोजीं, दोस्त फौजेच्या तोफेचा एक गोळा कांपोसांतोच्या छपरावर येऊन पडला. छपराच्या लांकडी तुळयांनीं पेट घेतला. आग विझविण्यास पाण्याचा पुरवठा नव्हता. छपरावर शिशाचे पत्रे होते. ते वितळले, आणि तें तापलेलें शिसें भिंतींवर व खालच्या कबरींवर ओघळलें. ज्या भिंतींवर चित्रकारांनीं नरकाचा अग्नि रंगविला होता, त्याच भिंती खऱ्या अग्नींत सांपडल्या. गिलावा तडकला, फुगला, आणि ठिकठिकाणीं तुकडे होऊन जमिनीवर आला.

सप्टेंबरच्या प्रारंभीं अमेरिकन फौज शहरांत शिरली. तिच्याबरोबर डीन केलर नांवाचे अधिकारी होते. मूळचे ते चित्रकार व येल विद्यापीठांतील चित्रकलेचे अध्यापक. सैन्यांत त्यांचें काम कलावस्तूंचें रक्षण करण्याचें होतें. छप्पर गेलेलें, भिंती उघड्या, आणि पावसाळा तोंडावर आलेला, असें त्यांस दिसलें. पहिल्या पावसानें उरलासुरला रंगही वाहून जाणार, हें ओळखून त्यांनीं लष्करी इंजिनियर व इटालियन कामकरी मिळविले, भिंतींवर तात्पुरतें छप्पर उभारविलें, आणि जमिनीवरील तुकडे वेंचून ठेवविले. त्यांच्याच देशाच्या पक्षाचा गोळा त्या छपरावर पडला होता. हें त्यांस माहीत होतें, आणि त्यांनीं त्याबद्दल पुष्कळ बोलण्यापेक्षां छप्पर घालणें पसंत केलें. १९९२ सालीं ते निवर्तले. आणि २००० सालीं त्यांच्या अस्थि त्याच कांपोसांतोंत आणून ठेवण्यांत आल्या. पिसाच्या लोकांनीं एका परदेशी शिपायास आपल्या पूर्वजांच्या शेजारीं जागा दिली, हें त्या शहरास भूषणावह आहे.

छप्पर झालें, पण भिंतींचा आजार वाढतच होता. उष्णतेनें सैल झालेला गिलावा रोज थोडथोडा सुटे. चित्रें वांचवावयाचीं तर तीं भिंतीवरून उतरविल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. ही विद्या इटलींत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं फेर्रारा येथील अन्तोनिओ कोन्त्री यानें ती युक्ति योजिली, असें म्हणतात. तिची रीति अशी : रंगावर मऊ कापड जनावरांच्या सरसानें चिकटवितात. सरस सुकतांना आवळतो, आणि त्या ओढीनें रंगाचा पातळ पापुद्रा भिंतीपासून सुटूं लागतो. तो कारागीर हलक्या हातानें सोलीत जातात. मग पापुद्रा पालथा घालून त्याच्या पाठीस दुसरें कापड दुधांतील केसिनच्या गोंदानें लावितात. पुढच्या बाजूचें कापड कोमट पाण्यानें सोडवून घेतात. आणि शेवटीं तें चित्र एका पक्क्या फळीवर बसवितात. पिसा येथें या कामीं सिमेंट व ॲस्बेस्टस यांचे पत्रे वापरण्यांत आले. माणसाच्या अंगावरची कातडी सोलून ती जिवंत ठेवावी, इतकें तें काम नाजूक होय.

रंगाचे पापुद्रे निघाले, आणि त्यांच्या मागें तें तांबडें रेखाटन दिसूं लागलें! ज्या दिवशीं बुफ्फाल्माक्कोनें त्यावर चुन्याचा लेप दिला, त्या दिवसापासून तें कोणींही पाहिलें नव्हतें. एका भिंतीमागून दुसऱ्या भिंतीवर तीं रेखाटनें उघडीं पडत गेलीं. कोठें एकच ठाम रेघ, कोठें दोनदां चुकून तिसऱ्यांदां साधलेली. राजाच्या मुगुटाइतकीच भिकाऱ्याच्या काठीचीही काळजी त्यांत घेतलेली आहे. आगीनें जें नेलें तें नेलें. परंतु जें सहाशें वर्षें झांकलेलें होतें, तें तिच्यामुळेंच उघडें झालें. अनर्थांतून परमेश्वर कांहीं चांगलें निर्माण करितो असें आपण म्हणतों. परंतु तें म्हणतांना अनर्थास अनर्थच म्हटलें पाहिजे. त्या आगींत नाहींसे झालेले कित्येक मुखवटे कोणत्याही कारागिराच्या हातून आतां परत येणार नाहींत.

तीं रेखाटनेंही भिंतीवरून काढून घेण्यांत आलीं, आणि १९७९ सालीं त्यांच्यासाठीं त्याच पटांगणाच्या दुसऱ्या बाजूस एक संग्रहालय उघडण्यांत आलें. ती इमारत म्हणजे तेराव्या शतकांतील एक रुग्णालय. पोप चौथे अलेक्झांडर यांच्या काळीं, १२५७ सालीं, त्याची स्थापना झाली होती. जेथें पूर्वीं आजारी माणसें निजत, त्या उंच लांबट दालनांत आज हीं तांबडीं रेखाटनें उभीं आहेत. खुद्द ‘मृत्यूचा विजय’ व त्याच्या जोडीचीं चित्रें मात्र कांपोसांतोंतच, पडवीच्या आंतल्या बाजूस असलेल्या एका निराळ्या दालनांत ठेवण्यांत आलीं.

गेल्या शतकाच्या अखेरीस आम्हांस तें दालन पाहण्याचा योग आला. बरोबर आमच्याच गांवचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. यात्रेस म्हणून ते आमच्यासंगें आले होते. दालनांत उजेड चांगला होता, चित्रें जवळून दिसत होतीं, आणि प्रत्येक रंग निरखून पाहतां येत होता. आम्हीं पुस्तकांत वाचलेलें त्यांस समजावून सांगत होतों. त्यांनीं तें सर्व ऐकून घेतलें, आणि थोड्या वेळानें विचारिलें, “मास्तर, हें चित्र भिंतीवर होतें तेव्हां तें मेलेल्या माणसांच्या पायथ्याशीं होतें. प्रेत घेऊन येणाऱ्यांस तें दिसे. इथें तें कोणासाठीं आहे?” आम्हीं कांहीं उत्तर दिलें खरें, पण तें त्यांस पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही पटलें नाहीं. दालनांतून बाहेर पडून ते अंगणांत गेले, आणि त्या मातीजवळ उभे राहून त्यांनीं मृतांसाठीं ‘आमच्या बापा’ म्हटलें. दालनांत त्यांस प्रार्थना सुचली नाहीं, बाहेर सुचली.

आम्ही दालनांची निंदा करीत नाहीं. तें दालन नसतें, तर आज तीं चित्रेंच नसतीं. १९६६ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स शहर आर्नोच्या पुरांत बुडालें, तेव्हांही अशींच कित्येक भित्तिचित्रें उतरवून वांचविण्यांत आलीं. आणि १९६८ सालीं उतरविलेल्या इटालियन भित्तिचित्रांचें मोठें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत भरलें. भिंतीस चिकटलेलीं चित्रें समुद्रापार लोकांनीं पाहिलीं, हें थोडें नव्हे. परंतु रुग्णालयांत नेलेल्या माणसास आपण तेथेंच कायमचें ठेवीत नाहीं. बरा झाला कीं त्यास घरीं आणितों. पिसाच्या लोकांनींही तोच विचार केला.

मात्र घरीं आणण्याच्या मार्गांत एक नवीच अडचण उभी राहिली. ज्या औषधानें चित्रें वांचलीं, तेंच औषध त्यांस बाधूं लागलें. पाठीमागचा केसिनचा गोंद कालांतरानें बिघडला. सिमेंटच्या पत्र्यांवर ओल धरूं लागली. रंग फुगून सुटूं लागले. असा अनुभव आपल्या देशांतही आलेला आहे. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस अजिंठ्यास आणिलें. सुटूं पाहणारा गिलावा त्यांनीं घट्ट बसविला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहों. परंतु रक्षणासाठीं म्हणून रंगांवर जो लाखेचा लेप दिला, तो पुढें पिवळा पडून चित्रांवर काळोखी आली, आणि तो काढण्याचें किचकट काम पुरातत्त्व खात्यास करावें लागलें. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतु शुद्ध असला म्हणजे दुरुस्ती निर्दोष होतेच, असें नाहीं. मागच्या पिढीनें प्रेमानें केलेली चूक पुढच्या पिढीनें प्रेमानेंच सुधारावी लागते. तेथें दोषारोपाचें काम नाहीं.

पिसा येथें ही सुधारणा फार चमत्कारिक उपायानें झाली. स्पिनेल्लो आरेतीनोच्या एका चित्रावर पुढच्या बाजूचें कापड वर्षानुवर्षें तसेंच राहून गेलें होतें, आणि जुना सरस कोणत्याही द्रव्यानें सुटेना. तेव्हां शास्त्रज्ञांनीं ‘स्यूडोमोनास स्टुट्झेरी’ नांवाचे सूक्ष्म जंतु आणिले. हे जंतु सरस खातात. रंगास व चुन्यास धक्का लावीत नाहींत. ओल्या कापसांतून ते चित्रावर ठेविले, आणि ज्याच्यापुढें माणसाचे सर्व उपाय थकले होते, तो सरस त्यांनीं कांहीं तासांत बहुतेक फस्त केला. या कामीं ज्यांची देखरेख होती, ते जानलुइजी कोलालुच्ची यांनींच पूर्वीं रोमच्या सिस्टिन मंदिरांतील मायकेलअँजेलोचीं चित्रें स्वच्छ केलीं होतीं. ज्या जंतूंच्या नांवानेंच आपण दूर पळतों, त्यांच्याही हातून असें सेवेचें काम घडतें.

याप्रमाणें एकेक चित्र जुन्या गोंदापासून व जुन्या पत्र्यापासून सोडवून, नव्या हलक्या फळ्यांवर बसवून, भिंतीवर परत नेण्यांत आलें. आतां भिंत आणि चित्र यांच्यामध्यें मोकळी जागा ठेवितात, आणि दंव धरूं नये म्हणून चित्राच्या पाठीस बेतानें ऊब देण्याचीही योजना आहे. शेवटीं २०१८ सालीं ‘मृत्यूचा विजय’ आपल्या मूळच्या पडवींत परत आला. आग लागली १९४४ सालीं. चित्र घरीं आलें २०१८ सालीं. चौऱ्याहत्तर वर्षें! ज्यांनीं तुकडे वेंचले त्यांपैकीं फारच थोड्यांनीं तें परत आलेलें पाहिलें असेल. एकानें छप्पर घातलें, दुसऱ्यानें सोललें, तिसऱ्यानें चिकटविलें, चौथ्यानें तें चिकटविलेलें पुन्हां सोडविलें, आणि पांचव्यानें टांगलें. आपल्या हातून काम पुरें होणार नाहीं हें ठाऊक असूनही त्या प्रत्येकानें आपला वांटा नीट केला.

त्यानंतर आम्हीं तें पुन्हां एकदां जाऊन पाहिलें. या खेपेस ते वृद्ध गृहस्थ बरोबर नव्हते. मधल्या काळांत ते प्रभूकडे गेले होते, व आपल्याच देवळामागें त्यांची कबर आहे. पडवींतला उजेड दालनांतल्याइतका चांगला नाहीं. चित्र जरा उंचावर आहे, आणि जेथें रंग कायमचा गेला, तेथें तो खोटा भरलेला नाहीं. डाग तसेच दिसतात. पण चित्रापासून दृष्टि खालीं आली कीं पायांखालीं कबरींचे दगड लागतात, आणि बाजूस वळली कीं कमानींतून तें अंगण दिसतें. शवपेट्या पाहून नाक दाबणारा तो स्वार आतां केवळ चित्रांतला राहत नाहीं; त्याच्या जागीं आपण उभे आहों, असें वाटतें. आमच्या मित्राच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें. तें त्यांस सांगावयाचें मात्र राहून गेलें.

आतां घरचा एक विषय. आपल्या देवळाच्या वेदीमागील भिंतीवर दोन देवदूतांचें जुनें चित्र आहे. तें कोणीं काढिलें, तें आज कोणास नक्की सांगतां येत नाहीं. ओलीनें त्याचे पोपडे सुटले आहेत, आणि ज्युबिलीच्या निमित्तानें संबंध भिंतीस स्वच्छ पांढरा हात द्यावा, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस यत्किंचितही शंका नाहीं. तें चित्र बुफ्फाल्माक्कोचें नव्हे, हेंही आम्ही जाणतों. आमची विनंती एवढीच कीं, चुन्याची बादली आणण्यापूर्वीं कौलें कोठें गळतात तें पाहावें. कारण ओल थांबली नाहीं तर नवा चुनाही पडणारच. चित्राचें नीट छायाचित्र घ्यावें. ज्यांनीं बालपणीं त्या देवदूतांखालीं प्रथम कम्यूनियन घेतलें, त्या आजीआजोबांस तें कोणीं व केव्हां रंगविलें याविषयीं विचारून, त्यांचे शब्द टिपून ठेवावे. आणि ज्यास अशा कामाची खरी माहिती आहे, अशा माणसास एकदां तें दाखवावें. एवढें केल्यावर धर्मगुरु व समिति जो निर्णय घेतील, तो आम्हांस शिरसावंद्य आहे. झांकलेलें कधीं तरी उघडतां येतें. खरवडून काढलेलें पुन्हां मिळत नाहीं.

प्रत्येक धर्मग्रामाच्या भिंतीखालीं असें एक तांबडें रेखाटन असतें. ज्यांनीं पायाचे दगड डोक्यावरून वाहिले, ज्यांनीं झोंपडींत पहिली धर्मशिक्षणाची शाळा भरविली, ज्या मातांनीं मूठ मूठ तांदूळ बाजूला काढून मंदिराच्या घंटेस पैसा जमविला, त्यांची रेघ पहिली. आपण तिच्यावर रंग भरीत आलों आहों. त्यांचीं नांवें आपल्या वह्यांत थोडींच सांपडतील. तीं शोधण्यासाठीं आपण आगीची वाट पाहूं नये. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ तासभर बसून तीं विचारावीं व लिहून धर्मगुरूंच्या स्वाधीन करावीं, म्हणजे हा उत्सव सार्थकीं लागेल.

ज्यांनीं आम्हांस ही पहिली रेघ काढून दिली, त्या सर्व मृतांस प्रभु चिरशांति देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.